टिपाडाचा कोरडा मंगळवार

मित्रांनो, मी एक जुना, पोटाला तीन पोचे पडलेला, लोखंडी पत्र्याचा ड्रम आहे. शहरात मला पिंप म्हणतात, आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बाजूला टिपाड म्हणतात. माझ्यात दोनशे लिटर पाणी मावतं आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही मावतो. तो एकदा चांगलाच उतरला, त्याचीच ही हकिकत आहे. पण घाबरू नका, मी रडगाणं गाणार नाही. माझा आवाज मुळातच असा घुमतो की मी रडलो तरी लोकांना कुठे तरी ढोल वाजतोय असंच वाटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पहिलं वर्षभर माझ्या पोटात गोडं तेल होतं. तेल संपलं आणि एका लोहारानं छिन्नी-हातोडा घेऊन माझं वरचं झाकण कापून काढलं. दुखलं खूप, पण मोठं तोंड मिळालं आणि तेव्हापासून मी बोलका झालो.

तिथून मी खोडदला आलो. नव्वद सालानंतरचे ते दिवस होते. खोडदच्या शिवारात आभाळाकडे तोंड करून बसणाऱ्या त्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या. तबकडी उभी करायची तर आधी खाली काँक्रीटचा पाया हवा आणि नव्या काँक्रीटला दिवसातून तीन-चार वेळा पाणी पाजावं लागतं. ते पाणी माझ्या पोटातून जायचं. तेव्हा आज त्या तबकड्या वाऱ्यावादळात ठाम उभ्या आहेत, त्यात थोडा वाटा माझा आहे, हे मी कुणी न विचारताही सांगत असतो. या तबकड्या लांबच्या ताऱ्यांचं बोलणं ऐकतात असं तिथले साहेब लोक म्हणायचे. पुढे माझ्याच पोटात काय चाललं होतं ते मात्र कितीतरी वर्षं कुणाला ऐकू आलं नाही. मलाही नाही.

पायावर पाणी मारायचं काम राघूकडे होतं. राघू माळावरच्या धनगरवस्तीतला. पूर्वी त्याच्या घरी शंभर-सव्वाशे मेंढरं होती, आता पंचवीसच उरली होती म्हणून तो मजुरीला यायचा. काम आटोपलं तेव्हा मुकादमानं मला त्यालाच देऊन टाकलं. राघूनं मला आडवं पाडलं आणि घरापर्यंत लोटत नेलं. माझ्या पोटावरचे तिन्ही पोचे त्याच प्रवासातले. वस्तीतली सगळी पोरं आणि दोन कुत्री माझ्या मागे पळत होती. एवढी मोठी मिरवणूक मी त्याआधी पाहिली नव्हती.

वस्तीवर चौदा घरं होती. नळ नव्हता. एक विहीर होती, ती उन्हाळ्यात तळ दाखवायची. मग गावातून पाण्याचा टँकर यायचा आणि ज्याच्या दारात जेवढं मोठं भांडं तेवढं त्याला पाणी मिळायचं. म्हणजे त्या घरात माझा मान काय असेल ते तुम्हीच बघा. राघूच्या बायकोनं, तुकाबाईनं, मला दाराशेजारी तीन दगडांवर बसवलं आणि हळदीकुंकू लावलं.

तुकाबाईचे दोन नेम होते. पहिला असा की टिपाड कधी रितं ठेवायचं नाही. टँकर उद्या येणार असला तरी तळाला चार बोटं पाणी राहिलंच पाहिजे, कारण दारातलं भांडं रिकामं दिसलं की घराचं बरं होत नाही, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. दुसरा नेम तिचा स्वतःचा होता. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि तिच्या हातून मुंगीसुद्धा मरायची नाही. प्यायचं पाणी ती जुन्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळून घ्यायची. फडक्यावर बारीक किडे वळवळताना दिसले की ती ते फडकं उलटं करून पुन्हा माझ्यात विसळायची. "त्यो बी जीवच हाय," ती म्हणायची. तो जीव टिपाडात सुखरूप परत गेला की मगच ती हंडा घरात न्यायची. मला तिचं हे फार आवडायचं. इतकं दयाळू घर मिळालं म्हणून मी मनातल्या मनात फुगत होतो.

अशी दहा वर्षं मजेत गेली. राघूचा मुलगा संपत माझ्यासमोर वाढला, त्याचं लग्न झालं, अवसरी बुद्रुकची सुप्रिया सून होऊन आली. माणसांचं असं चाललं होतं, हवेचं मात्र काहीतरी बिघडत होतं. माझ्या पत्र्याला ऋतू लगेच कळतात. सुरुवातीच्या वर्षांत पौषात सकाळी कुणी मला हात लावला की त्याची बोटं बधिर व्हायची आणि आंघोळीचं पाणी काढताना छोटा संपत शंख करायचा. पुढे पुढे दिवाळी उलटली तरी माझं पोट कोमटच राहू लागलं. पाऊस यायचा तो चार दिवसांत सगळा कोसळायचा आणि मग महिनाभर तोंड दाखवायचा नाही. पूर्वी वैशाखात लागणारा टँकर फाल्गुनात लागू लागला. त्याचा वारही ठरलेला नसे. गावातल्या टाक्या भरून पाणी उरलं की टँकर आमच्याकडे वळायचा, कधी आठ दिवसांनी, कधी बारा. त्यामुळे वस्तीतली माणसं मिळेल ते पाणी मिळेल त्यात भरून ठेवू लागली. चौदा घरांत आम्ही एकतीस टिपाडं झालो. मला वाटायचं, काय आपला भाव वाढला आहे!

मग दोन हजार सहा सालचा उन्हाळा आला. चैत्रात आधी साळुबाई पडली. ती शेजारच्या घरातली, खणखणीत बाई. तिला सणकून ताप आला आणि दुसऱ्या दिवशी तिला उठून उभं राहता येईना. मग राघू, मग तुकाबाई, मग संपत. ताप चार दिवसांत उतरायचा, पण सांधे धरले जायचे. पन्नाशीची माणसं नव्वदीची असल्यासारखी भिंत धरून चालायची. भाकरी थापताना तुकाबाईची बोटं वळेनात. राघूला मेंढरांची लोकर कातरायची होती, त्याच्या हातात कात्री राहीना. तरी वस्तीनं थट्टा सोडली नाही. राघू आणि तुकाबाई कमरेत वाकून एकमेकांच्या मागे चालू लागले की साळुबाई तिच्या बाजेवरून विचारायची की नवरा-बायकोचं काही हरवलंय का, दोघं मिळून शोधताय ते.

या रोगाचं नाव चिकुनगुनिया आणि तो डासांमुळे होतो, हे गावात कळलं होतं. गावठाणात धुराची गाडी फिरली. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून ती मागे वळली. वस्तीनं त्याचं फार मनावर घेतलं नाही. डास गटारात होतात आणि आपल्याकडे गटारच नाही, तेव्हा आपल्याला हा ताप गावातूनच लागला, असं राघूनं सगळ्यांना पटवून दिलं होतं.

घरात एकटी सुप्रिया तेवढी धडधाकट होती आणि तिला आठवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण, तेव्हा ती माहेरी जायची होती. पण अवसरीहून तिच्या भावाचा निरोप आला की आमची अख्खी आळी अंथरुणाला खिळलीय, ताईला एवढ्यात धाडू नका. सुप्रिया हसून बरं म्हणाली आणि माझ्या आडोशाला येऊन डोळे पुसून गेली.

त्याच आठवड्यात आरती सिस्टर आल्या. त्या मूळच्या पेठ गावच्या. उपकेंद्रात नर्स होत्या आणि रस्ता संपला तरी पुढे चालत यायच्या. त्यांनी घरोघरी तापाच्या गोळ्या दिल्या, सुप्रियाला तपासलं आणि मग राघू-तुकाबाईला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी ऐकलं. बाळंतपणाच्या तोंडावर हिला हा ताप आला तर तो बाळालाही लागू शकतो आणि कोवळ्या जिवाला तो झेपत नाही. अजून महिनाभर हिला डास चावता कामा नये. हा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसाही तिनं मच्छरदाणीतच झोपायचं. एवढं बोलून त्या माझ्याकडे आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हे टिपाड आजच्या आज रिकामं करा. डास हितंच होतायत."

मित्रांनो, माझ्या पोटातलं पाणी त्या दिवशी हललं. मी? ज्यानं तबकड्यांचे पाय भिजवले तो मी?

तुकाबाईनं सरळ नाही म्हटलं. पोटुशी सून घरात असताना दारातलं टिपाड रितं करायचं म्हणजे आपल्या हातानं अपशकुन करायचा. शिवाय माझ्यातलं पाणी स्वच्छ होतं, तळाचा खडासुद्धा दिसत होता. एवढ्या चोख पाण्यात डास कसा होईल? आणि पाणी ओतून टाकायचं तर पुढचा टँकर कधी येणार, ते कुणी सांगावं? टँकरचा वार ठरवणं आरती सिस्टरांच्या हातात नव्हतं. मग त्यांनी हवा कशी तापत चालली आहे, हिवाळा आखडला की डासांना कसं बारमाही फावतं, पाऊस लहरी झाला की माणूस पाणी कसं साठवतो, हे सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. शेवटी पदरानं घाम पुसत त्या म्हणाल्या, "हवा तापवली गाड्या-कारखान्यांनी, आन् हाडं दुखत्यात ज्यांच्या दारात सायकलबी न्हाई त्यांची." मी कारखान्यातच जन्मलो आहे. मी गुपचूप खाली बघितलं.

त्या भांडल्या मात्र नाहीत. त्यांनी तुकाबाईकडे लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागितली. माझ्यातलं तांब्याभर पाणी तिच्यात घेतलं, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्यानं घट्ट बांधला आणि बरणी कोनाड्यात ठेवली. यातले जीव तुम्हीच सांभाळा आणि रोज बघत जा, एवढंच सांगून त्या निघून गेल्या. तुकाबाईनं त्यात चिमूटभर पीठ टाकलं, बिचारे उपाशी राहू नयेत म्हणून.

दोन दिवस किडे खाली डोकं, वर शेपूट करून वळवळत राहिले. तिसऱ्या दिवशी ते स्वल्पविरामासारखे वाकडे झाले. सहाव्या दिवशी सकाळी तुकाबाई कोनाड्यापाशी गेली. बरणीत काळे-पांढरे पट्टे असलेल्या पायांचे डास उडत होते. तिनं बरणी कानाशी धरली. मग ती बाहेर येऊन माझ्याशेजारी खाली बसली.

"आत्याबाई, काय झालं?" सुप्रियानं मच्छरदाणीतूनच विचारलं.

"काय न्हाई गं," तुकाबाई म्हणाली. "धा वरसं मीच पाळलं ह्यास्नी. फडक्यातनं येचून येचून परत टाकलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं कुणाला वेगळं दिसत नाही.

त्याच दुपारी तिनं मला रिकामं करायला लावलं. पाणी वाया घालवलं नाही. गाळून घेतलेलं हंड्यांत भरलं, त्यांच्या तोंडांवर फडकी बांधली आणि उरलेलं मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत आणि शेवग्याच्या मुळाशी गेलं. या दारात आल्यापासून मी पहिल्यांदा तळापर्यंत कोरडा झालो. तिला ते बघवेना. ती आत गेली, ओंजळभर जोंधळे आणि एक सुपारी घेऊन आली आणि ते माझ्या तळाशी ठेवून मला कुंकू लावलं. "आता रितं कुटं हाय? वटी भरली की त्याची," असं तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं. टिपाडाची ओटी भरलेली त्याआधी कुणी ऐकली असेल असं मला वाटत नाही. मी लाजलो, पण आवडलं मला.

तरीही पहिला प्रयत्न फसला. दोन दिवसांनी टँकर आला, ओटीचे जोंधळे काढून ठेवले, मी भरलो आणि चौथ्या दिवशी माझ्यात पुन्हा वळवळ सुरू झाली. आरती सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते सगळ्यांपुढे धरलं. बोटाला काळे बारीक ठिपके चिकटले होते. ती अंडी होती. पाणी ओतून दिलं तरी ती पत्र्याला धरून राहतात आणि महिनोन्‌महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत. पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. मग संपतनं राख आणि विटेचा तुकडा घेऊन डोक्यापासून कमरेपर्यंत माझ्यात बुडी मारली. बाहेर नुसते दोन पाय. सांधे दुखत होते म्हणून तो कण्हत होता आणि कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून गाणं म्हणत होता. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की विचारू नका.

पण एक टिपाड घासून सुप्रिया वाचणार नव्हती. वस्तीत अजून तीस होती. साळुबाई आणि बाकीचे सगळे तयार होते, अडत होतं ते एकाच गोष्टीवर. पाणी परत कधी येईल हे माहीत नसताना कुणी कसं ओतावं? टँकरचा चालक चिमाजी भला माणूस होता, पण त्याला जिकडे धाडतील तिकडे तो जाणार.

एक मे रोजी खोडदला ग्रामसभा होती. तुकाबाई राघूला घेऊन चिमाजीच्या टँकरमध्ये पुढे बसून गेली. मांडीवर ती बरणी. मी तिथे नव्हतो, पण त्या रात्री राघूनं माझ्या काठावर हात टेकून ही हकिकत चार वेळा सांगितली, म्हणून मला पाठ आहे. तिचा नंबर आला तेव्हा ती काठी टेकत पुढे गेली, बरणी टेबलावर ठेवली आणि दोऱ्याच्या गाठीवर बोट धरून म्हणाली, "गावात नळ रोज येतो. आमाला टँकरचा वार सांगा, मंजी आमी टिपाडं वाळवू. न्हाईतर फडकं सोडते, आन् मग तुमी आमी समदे सारखेच."

पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या आपोआप मागे सरकल्या. कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळी सभा हसली. सरपंचही हसले, पण त्यांची नजर गाठीवरून हलेना. दर मंगळवारी दुपारी टँकर आधी वस्तीवर, मग इतर ठिकाणी, असं तिथल्या तिथे लिहून झालं. तुकाबाईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच बरणी उचलली.

तेव्हापासून मंगळवार आमचा कोरडा वार झाला. सकाळी एकतीस टिपाडं घासून उन्हात उपडी पडायची आणि दुपारी चिमाजीचा भोंगा वाजेपर्यंत माळावर कुणी घोंगडी वाळत घातलीत की टिपाडं, हे लांबून कळायचं नाही. भरून झालं की तोंडाला कापड. आरती सिस्टर प्रत्येक मंगळवारी येऊन आत बोट फिरवायच्या. महिना लांब होता. एकदा सुप्रियाचं अंग कोमट लागलं तेव्हा सगळं घर दिवसभर जेवलं नाही. ते नुसतं उन्हानं होतं, संध्याकाळी अंग निवलं.

ज्येष्ठ लागता लागता तिला सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथे तिला मुलगी झाली. नाव आधीच ठरलं होतं, श्रेया. आईला ताप नाही, बाळाला ताप नाही. चौथ्या दिवशी ती घरी यायला निघाली. जीप डांबरी रस्ता संपला तिथे थांबली आणि तिथून वस्तीतल्या बायका तिला सावलीसावलीनं घेऊन आल्या. आणि बघा, तो वार नेमका मंगळवार होता. सकाळची वेळ. मी दारातच उपडा पडलो होतो, पोटात ओटीचे जोंधळेसुद्धा नव्हते.

साळुबाईच्या ते लक्षात आलं. तिनं सगळ्यांना थांबवलं. बाळंतीण पहिल्यांदा उंबरा ओलांडणार आणि दारात भांडं रितं, हे बरं दिसत नाही. टिपाड सुलटं करा, दोन हंडे तरी ओता, असं ती म्हणाली. संपत मला उचलायला वाकलासुद्धा.

तुकाबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ दे उपडंच," ती म्हणाली. "ते रितं ऱ्हायलं, म्हणून ही भरल्या वटीनं घरला आलीय."

तिनं बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मायलेकींना माझ्या अगदी जवळून आत नेलं.

मित्रांनो, आज माझ्या बुडाला गंज चढला आहे, पण मंगळवार चुकलेला नाही. तुमच्याही घरात पाणी साठवलेलं असेल, तर आठवड्यातून एकदा ते भांडं रिकामं करून आतून घासा आणि भरल्यावर झाका. आणि तुमच्या घरी रोज नळ येत असेल, तर तुमच्या गावाबाहेरच्या वस्तीला पाण्याचा वार ठरवून दिलेला आहे का, तेवढं मोठ्यांना नक्की विचारा. आम्हा टिपाडांना कोरडं व्हायची भीती मुळीच वाटत नाही. दुपारी पाणी येणार आहे, एवढं फक्त कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं.